पिंजरा कुणाला लावायचा?

तिवसा तालुक्यातल्या एखाद्या गावात दिवेलागणीला चार घरांची खुराडी बघत हिंडावं. पहिल्या घरी दार म्हणजे तेलाच्या डब्याचा चिरून सपाट केलेला पत्रा. दुसऱ्या घरी मोडक्या खाटेची चौकट, तिच्यावर खताचं रिकामं पोतं ताणून बांधलेलं. तिसऱ्या घरी पऱ्हाट्यांचा कूड आणि त्याला टेकवलेली फरशी. चौथ्या घरी खुराडंच नाही. कोंबड्या ओसरीत डालग्याखाली, डालग्यावर पाटा, आणि हातभर अंतरावर म्हातारीची खाट. कडी बहुतेक ठिकाणी सुतळीची, फार तर मोटारीच्या जुन्या वायरची. एवढ्या बंदोबस्तात कोंबडी आत राहते. बाहेरून कुणी यायचं ठरवलं, तर त्याला अडवण्याचा विचार या दारात कुठेच केलेला नसतो.

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. म्हणीमागच्या गोष्टीतल्या म्हातारीने ते कशासाठी झाकलं असेल ते असो. गावात कोंबडं रोज रात्री झाकलं जातं ते कोल्ह्या-मांजराच्या भीतीने. म्हणजे राखणीची रीत भाषेत मुरण्याइतकी जुनी आहे. डालगंही तेवढंच जुनं आहे. बदललंय ते डालग्याबाहेरचं जग.

वर्तमानपत्रात हा विषय चार ओळींत उरकतो. बिबट्याने अमुक गावात बारा कोंबड्या फस्त केल्या, परिसरात भीतीचं वातावरण, वनविभागाने पिंजरा लावावा अशी ग्रामस्थांची मागणी. गोऱ्हा गेला की पंचनामा होतो, माणूस गेला की रस्ता अडवला जातो. कोंबडी गेली की शेजारीण चार शब्द हळहळते आणि विषय संपतो. बारा गावरान कोंबड्या म्हणजे किती पैसे, हे त्या घरातल्या बाईला विचारावं. आठवडी बाजारात गावरान कोंबडी चारशे-पाचशेच्या खाली हाती लागत नाही, आणि घरातल्या सगळ्या मिळकतीत कोंबडीचा पैसाच असा, ज्याचा हिशेब नवऱ्याला द्यावा लागत नाही. पोराची वही, बचत गटाचा हप्ता, माहेरी जाण्याचं तिकीट त्यातून निघतं. सोयाबीनचा भाव पडला तर सगळं घर रडतं. खुराडं फुटलं तर ती एकटीच.

आणि हे चार-दोन घरांपुरतं नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली; त्यातली ३१ कोटी ७० लाख परसातली होती. सात वर्षांत परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली, व्यापारी शेडमधली साडेचार टक्क्यांनी. परसात कोंबडी वाढावी म्हणून सरकारने हात सैल सोडला, हे त्यामागचं एक कारण. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराज आणि ग्रामप्रिया या जाती काढल्या, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज दिली. आपल्याकडे पशुसंवर्धन खातं एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून निम्म्या अनुदानावर आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा वाटतं: २५ माद्या, ३ नर.

या योजनेचं जुनं दरपत्रक वाचण्यासारखं आहे. एका गटाची किंमत ६,००० रुपये धरलेली. त्यात पक्ष्यांचे ३,०००, खाद्याचे १,४००, भांड्यांचे ४००, वाहतुकीचे १५०, औषधांचे ५० आणि ‘रात्रीचा निवारा’ १,०००. एक हजार रुपयांत अठ्ठावीस पक्ष्यांचं घर! टिनाचे जेमतेम दोन पत्रे येतील. भिंती, जाळी, दार आणि कडी लाभार्थ्याने स्वतः बघून घ्यायची. पुढे दर वाढले, गटाची किंमत दहा हजारांच्या पुढे गेली, तरी विचार तोच राहिला. पक्षी ही योजना, निवारा ही किरकोळ बाब. खात्याचा कर्मचारी लाभार्थ्याचा फोटो काढतो तो पक्ष्यांसोबत. त्या रात्री ते कुठे झोपणार, हे फोटोत येत नाही.

वनराजाला रंगीबेरंगी पिसं आहेत आणि ती पाचोळ्यात लपून जातात, म्हणजे शिकाऱ्यापासून थोडा बचाव होतो, असं संशोधक सांगतात. दिवसा घार-शिक्र्याच्या बाबतीत ते खरंही असेल. रात्री त्याचा उपयोग शून्य. शिवाय गावरान कोंबडी आपली पिल्लं स्वतः रवण करून काढते, घार दिसली की कुठल्या आवाजात ओरडायचं आणि पिल्लांनी कुठे दडायचं हे शिकवते, आणि अंधार पडला की निंबाच्या फांदीवर चढून बसते. उबवणी केंद्राच्या तलंगेला आई नसते. तिला झाड माहीत नाही. तिला माहीत असतं ते फक्त तिला दिलेलं दार.

रात्री कोण येतं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. सकाळी पिसं दिसली की बिबट आला असं म्हणायची पद्धत पडली आहे, आणि एकदा बिबट म्हटलं की बाकी तपास थांबतो. खरं तर खुराडं स्वतःच सांगतं. मुठीएवढ्या भोकातून आत शिरून चार-पाच कोंबड्यांच्या माना चावलेल्या, धडं जागेवरच, तर मुंगूस किंवा उदमांजर. एकच कोंबडी गायब, दुसऱ्या रात्री त्याच वेळी दुसरी, तर रानमांजर, म्हणजे गावकऱ्यांचा बाऊल. दाराखालची माती उकरलेली आणि धुऱ्यापर्यंत पिसांची रांग गेलेली, तर कोल्हा. दहा मेलेल्या, दोनच फाडलेल्या, सगळीकडे चिखल तुडवलेला, तर गावचीच कुत्री. हे कुणालाच ऐकायचं नसतं, कारण कुत्र्याला मालक असतो. पिसाचा मागमूस नाही आणि अंडी-पिल्लं तेवढी गेली, तर साप किंवा घूस. बिबट्याचं काम वेगळं दिसतं. पत्रा वाकलेला, खिळे उपटलेले, कूड आडवा, आणि ओल्या मातीत सात-आठ सेंटिमीटरचा गोल ठसा, ज्यात नखं उमटलेली नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. मांजराच्या कुळातले बहुतेक प्राणी नखं आत ओढून चालतात.

एका रात्रीत बारा कोंबड्या मारून जनावर दोनच का खातं, यावरही गावात बरीच चर्चा होते आणि बहुधा निष्कर्ष निघतो की ते माजलंय. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली याचा उलगडा मांडला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळ्याकुट्ट रात्री कुरव पक्षी आपल्या घरट्यांवरून उठतच नाहीत, आणि तिकडचे कोल्हे तेवढ्यात शेकड्याने पक्षी मारून, न खाता, तिथेच टाकून जातात. शिकाऱ्याला शोधणं, मारणं आणि खाणं या तीन वेगळ्या ऊर्मी असतात. एरवी सावज पळून जातं म्हणून मारण्याची ऊर्मी पहिल्याच फटक्यात थांबते. सावज पळालंच नाही, तर ती थांबत नाही. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती जागेवर गोठून बसते. बंद खुराडं म्हणजे त्या किनाऱ्याची छोटी आवृत्ती. जनावर एकदा आत शिरलं की एक कोंबडी आणि बारा कोंबड्या यांत फार फरक उरत नाही. म्हणून जे करायचं ते दारावरच.

तिवसा काही मेळघाट नाही. तालुका नागपूर-अमरावती महामार्गावरचा, एका अंगाला वर्धा नदी, अप्पर वर्धाच्या कालव्याचं पाणी, संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर. पण अमरावती आणि चांदूर रेल्वेच्या मधलं पोहरा-मालखेडचं जंगल फार लांब नाही. अमरावती शहराच्या कडेला, विद्यापीठाच्या आवारात बिबट दिसला तर आता कुणी दचकत नाही. संत्र्याची बाग आणि कणसावर आलेली ज्वारी बिबट्याला लपायला जंगलाइतकीच चांगली. वाघही या वाटेने जाऊन आला आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये चंद्रपूरकडून आलेल्या एका वाघाने धामणगाव रेल्वे तालुक्यात, मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगीच्या शिवारात, दोन माणसं मारली. मग तो उत्तरेला सरकत थेट मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात पोहोचला आणि डिसेंबरात तिथे पकडला गेला. सोयाबीन-कापसाचा ऐन हंगाम, आणि लोक एकट्याने वावरात जायला धजत नव्हते. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन वऱ्हाड पालथं घालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. वाघ असा पाहुणा असतो, निघून जातो. बिबट बिऱ्हाड करतो.

देशातल्या बिबट्यांचा २०२२चा अंदाज १३,८७४ आहे, महाराष्ट्राचा १,९८५. ही मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलात झालेली. उसात आणि संत्र्यात राहणाऱ्याला यात फारशी जागा नाही. अशा बिबट्याचं पोट कशावर चालतं, याचा चांगला अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्यात केला. वऱ्हाडी वाचकाने इथे थांबून घ्यावं: हे अकोले अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं, आपलं अकोला नव्हे. उसाच्या त्या खोऱ्यात जंगल जवळपास नव्हतंच, तरी १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास बिबट निघाले. त्यांच्या विष्ठेतून कळलं की खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता, आणि त्यातही सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. पण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रा मोकळा. बिबट्याने दाराचा हिशेब केला होता, एवढाच त्याचा अर्थ.

गावाची मागणी मात्र एकच असते: पिंजरा लावा, नेऊन सोडा. जुन्नरला हे करून झालंय. २००१ ते २००३ या काळात तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका लावला गेला, आणि आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात दात-नखं फोडून घेतलेलं जनावर माणसाला जास्त भिडतं, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवं येतं. माणसावर चाल करणाऱ्या बिबट्याला पकडलंच पाहिजे, त्यात दुमत नसावं. कोंबडी नेणाऱ्यासाठी पिंजरा मागणं म्हणजे घरात चोर आला म्हणून गावातली सगळी माणसं बदलायला निघणं.

गेल्या वर्षी हा सगळा प्रकार फार पुढे गेला. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना साऱ्या देशाने पाहिली. असा पट्टा मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात घालतात. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी सुचवलं की चार माणसांच्या मृत्यूची भरपाई एक कोटी होते, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत. शेळीला जंगलाची हद्द कोण दाखवणार, हा प्रश्न बाजूला ठेवू. संध्याकाळी ती मालकाच्या दाराशीच येईल, मागून गिऱ्हाईक घेऊन. पण एक कोटीचा आकडा उपयोगी आहे. एका भक्कम खुराड्यावर सरकारने पाच हजार रुपये घातले, तर एक कोटीत २,००० खुराडी होतात. तिवशासारख्या तालुक्यात एवढ्या खुराड्यांनी गावंच्या गावं भरून निघतील.

भरपाईचं काय? राज्याच्या शासन निर्णयात गाय, म्हैस, बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, जे कमी असेल ते मिळतं. मेंढी, बकरी आणि ‘इतर पशुधन’ यांना ७५ टक्के किंवा १५,०००. कोंबडी त्या ‘इतर’मध्ये बसते की नाही, हा वाद खिडकीपाशी उभं राहून घालावा लागतो. तिचं नाव स्पष्ट घाला, अशी मागणी करणं सोपं आहे. पण नियम असा आहे की घटना ४८ तासांत कळवायची आणि मेलेलं जनावर पंचनाम्यापर्यंत हलवायचं नाही. बिबट्याने नेलेल्या कोंबडीचं काय शिल्लक राहतं? मूठभर पिसं. ती बिबट्याने नेली की कोल्ह्याने की शेजाऱ्याने, हे वनरक्षकाने पिसांवरून ठरवायचं. पुरात वाहून गेली तर आपत्ती निधीच्या निकषाने कोंबडीमागे १०० रुपये मिळतात, एका कुटुंबाला फार तर १०,०००. म्हणजे ज्या कोंबडीला बाजारात पाचशे येतात, तिचे शंभर घ्यायला एक मजुरी बुडवून तालुक्याला जायचं. कोंबडीपुरता भरपाईचा मार्ग आतबट्ट्याचाच राहणार, त्यात नाव घातलं काय आणि न घातलं काय. तोच पैसा आधी दारात घातला तर पंचनाम्याची पाळीच येणार नाही.

दार कसं असावं, यात काही गूढ नाही. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते, ती नावापुरतीच कोंबडीची. कुत्रा ती दाताने तोडतो, मुंगूस तिच्या भोकातून तोंड घालतो. लागते ती वेल्डमेश, अर्ध्या इंचाची. ती चौकटीला बाहेरून लावायची आणि वरून लोखंडी पट्टी दाबून नटबोल्ट मारायचे. आतून खिळ्यांनी ठोकलेली जाळी बाहेरून एक धक्का बसला की खिळ्यांसकट आत येते. मोठा नर बिबट साठ-सत्तर किलोंचा असतो आणि तो दाराशी झटापट करत नाही, अंग टाकतो. म्हणून चौकट अँगलची हवी. खुराडं जमिनीपासून अडीच फूट वर घ्यायचं, तळाला तीच जाळी: खालून उकरायला माती नाही, विष्ठा खाली पडते, ती वांग्याच्या वाफ्याला जाते. अठ्ठावीस पक्ष्यांना सहा बाय पाच फूट रात्रीपुरतं पुरतं. दार बाहेर उघडणारं, कड्या दोन, एक वर आणि एक खाली. एकच कडी असली तर दाराचा मोकळा कोपरा वाकतो आणि मांजराला तेवढं पुष्कळ होतं.

वऱ्हाडात एक अडचण मात्र खास इथली आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून नकाशे काढणाऱ्याला ती सुचणार नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. टिनाच्या बंद पेटीत कोंबड्या बिबट्याआधी उन्हाने मरतात. म्हणूनच उन्हाळ्यात बायका खुराड्याचं दार रात्री उघडं टाकतात, आणि म्हणूनच उन्हाळ्यात खुराडी जास्त फुटतात. त्यांना निष्काळजी म्हणण्यात अर्थ नाही. दोन मरणांतलं एक त्या निवडत असतात. दोन बाजू पूर्ण जाळीच्या, वर टिन आणि टिनावर तुराट्यांचा हातभर थर, एवढं केलं की दार बंद ठेवून वारा आत येतो. तुराट्या इथे फुकट आहेत.

दुसरी गोष्ट माणसाच्या जिवाची. ओसरीतलं डालगं कोंबडीला म्हातारीजवळ ठेवतं, म्हणजेच बिबट्याला म्हातारीजवळ आणतं. कोंबडीसाठी आलेला बिबट घरात कोंडला जाणं, माणसाची आणि त्याची एका खोलीत गाठ पडणं, अशा बातम्या कोकणातून, नाशिकमधून, जुन्नरमधून येतच असतात. खुराडं निजायच्या जागेपासून दहा-पंधरा पावलं दूर आणि अंगणाच्या उजेडात असावं. राखणीला शेजारी साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं ताट. अकोल्याचे आकडे वर दिलेच आहेत.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर रस्त्याकडेही बघावं. महामार्गालगतच्या चिकनच्या दुकानांची आतडी-पिसं रात्री नाल्यात पडतात. मोठ्या शेडवाल्यांनी मेलेले पक्षी खड्ड्यात पुरावेत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना सांगतात. सगळेच पुरतात असं नाही. त्या नाल्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट पोसतो, आणि वाटेत सुतळीच्या कडीचं खुराडं लागतं. दुकानदाराच्या टोपलीचा आणि गावातल्या बाईच्या नुकसानीचा हा संबंध ग्रामपंचायतीच्या ठरावात कधी येत नाही. यायला हवा, कारण नाला ग्रामपंचायतीचाच आहे.

हा त्रास एकट्या वऱ्हाडाचा नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात लोकांनी हौसेने परसात कोंबड्या पाळायला सुरुवात केली आणि ग्रिझली अस्वलं वस्तीत येऊ लागली. खुराड्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी गोळीने मरायचं. तिथल्या ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ या संस्थेने २०१०पासून खुराड्याभोवती विजेचं कुंपण घालणाऱ्याला निम्मा खर्च, कमाल ५०० डॉलर, देणं सुरू केलं. मेलेल्या कोंबडीचे पैसे देण्याऐवजी कुंपणाचे दिले. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई पोराने घरच्या गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावून सिंह थोपवले. माणूस कंदील घेऊन फिरतोय असं सिंहाला वाटतं. आपल्याकडची जागल तरी दुसरं काय होती?

विजेच्या कुंपणाचं नाव इथे जपून घ्यावं लागतं. झटका मशीन वेगळं आणि खांबावरून आकडा टाकून तारेत सोडलेला करंट वेगळा. झटक्याने जनावर दचकतं आणि पळतं. थेट करंटने विदर्भात वाघ मेलेत, बिबटे मेलेत, आणि पहाटे ओलिताला निघालेले शेतकरीही मेलेत. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत ७५ टक्के किंवा १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण ती पिकाच्या राखणीसाठी. एकाही खुराड्याला ती मिळू नये असा काही निसर्गनियम नाही.

एक कबुली दिल्याशिवाय हे पुरं होत नाही. मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, एका साथीत गावातल्या जेवढ्या कोंबड्या जातात, तेवढ्या बिबट वर्षभरात नेत नाही. त्यावरची लासोटा लस वेळेवर मिळाली तर बाईचे जास्त पैसे वाचतील. पण मानमोडीची साथ आली म्हणून कुणी जंगलाला आग लावत नाही की मेलेल्या शेळीत विष भरत नाही. बिबट्याच्या रागात ते होतं, आणि विष पेरलं की त्यात गिधाडापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत कुणीही सापडतं. कोंबडीच्या दाराचा खर्च हा वन्यजीवांच्या रक्षणाचाही खर्च आहे. वनखात्याने तो पशुसंवर्धन खात्याकडे आणि पशुसंवर्धन खात्याने वनखात्याकडे ढकलू नये.

तलंगांचं वाटप जिल्हा वार्षिक योजनेच्या पैशातून होतं, म्हणजे निर्णय मुंबईला नाही, अमरावतीत जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत व्हायचा आहे. तिथे बसणाऱ्यांनी दोनच फेरफार करावेत. निवाऱ्याची रक्कम पक्ष्यांच्या किमतीइतकी करावी. आणि क्रम उलटा करावा: आधी खुराडं, मग तलंगा. गावात वेल्डिंगचं दुकान असतं. सहा बाय पाचचं एक माप ठरवून दिलं तर तो पोरगा नांगराच्या फाळाला डाग देता देता आठवड्याला चार खुराडी करील. बचत गटाच्या बायकांनी ते उभं राहिल्यावर एकदा बाहेरून हात लावून हलवून पाहावं, दोन्ही कड्या लावून दार जोरात ओढावं, हललं तर परत पाठवावं. कर्मचाऱ्याने फोटो काढायचा तो तेव्हा, दिवे लागल्यावर, कोंबड्या आत आणि दार बंद असताना.